सर्व-उताऱ्यांची स्की : कुशल स्त्री-स्कीपटूने निवड कशी करावी

कोलकात्यास हुगळीच्या काठी उभ्या असलेल्या फोर्ट विल्यम किल्ल्याच्या तटावर हिमाचा एक कणही कधी पडत नाही. १७५८ मध्ये ज्याच्या बांधणीस आरंभ झाला आणि १७८१ मध्ये जो पुरा झाला, तो हा किल्ला दमट उष्ण हवेचा व पावसाळी चिखलाचा रहिवासी. २०२४ च्या डिसेंबरात लष्कराने त्याचे नाव बदलून 'विजय दुर्ग' असे ठेवले. कोकण किनाऱ्यावरील विजयदुर्गाचे स्मरण त्या नावात आहे, ही गोष्ट मराठी वाचकास सुखावणारी आहे. परंतु हिमाशी या किल्ल्याचा संबंध दिसतो त्याहून निकटचा आहे. भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय १९६३ पासून येथे आहे, आणि या विभागाच्या रक्षणाखालील सीमेत सिक्कीम व अरुणाचल प्रदेश येथील हिमाच्छादित खिंडी येतात. त्यांपैकी नथू ला ही खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३१० मीटर उंच आहे.

अशा प्रदेशात हिवाळ्यात पायी चालणारा मनुष्य मांडीपर्यंत रुततो. म्हणून १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने काश्मीरमधील गुलमर्ग येथे सैनिकांसाठी स्कीचे विद्यालय उघडण्यात आले. तेच पुढे उच्च पर्वतीय युद्ध-विद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. स्वतंत्र भारतातील स्कीविद्येचा वृक्ष बऱ्याच अंशी या लष्करी बीजातून वाढला आहे, आणि त्याचा एक परिणाम आजही जाणवतो. शिकवण्याची रीत, भाड्याने मिळणारी साधने, त्यांची मापे ही सारी दीर्घकाळ ऐंशी किलोग्रॅम वजनाचा पुरुष डोळ्यांसमोर ठेवून ठरत आली.

स्त्रिया मात्र थांबून राहिल्या नाहीत. १९८८ साली कॅल्गरी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार यांनी भाग घेतला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. २००६ मध्ये तुरिन येथे नेहा आहुजा उतरल्या. २०१८ च्या जानेवारीत मनालीकडील आंचल ठाकूर यांनी तुर्कस्तानातील एर्झुरूम येथे स्लालम शर्यतीत कांस्यपदक मिळविले, आणि आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक ठरले. शर्यतीच्या स्कीची मापे स्पर्धेच्या नियमांनी बांधलेली असतात. तेथे निवडीस फारसा वाव नाही. परंतु जी स्त्री शर्यतीसाठी नव्हे तर डोंगरासाठी स्की करते, जिला सकाळी कठीण दाबलेल्या उतारावरून, दुपारी झाडांमधून आणि नव्या हिमानंतर खोल भुसभुशीत पृष्ठावरून जावयाचे असते, तिने कोणती स्की घ्यावी? या प्रकारच्या स्कीला इंग्रजीत 'ऑल-माउंटन' म्हणतात. येथे तिला 'सर्व-उताऱ्यांची स्की' म्हणू.

शब्दांची थोडी अडचण येथे आहे. फोर्ट विल्यमच्याच नावाने १८०० साली कोलकात्यात स्थापन झालेल्या महाविद्यालयात विल्यम कॅरी हे मराठी शिकवीत असत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळापासून आजतागायत मराठीचे शब्दभांडार कितीतरी वाढले. तथापि आकाशातून पडणारे भुरभुरीत आणि पाणी गोठून झालेले कठीण, या दोहोंना आपण व्यवहारात 'बर्फ'च म्हणतो. स्कीच्या विचारात हा भेद न करून चालत नाही. म्हणून पुढील विवेचनात पहिल्यास 'हिम' आणि दुसऱ्यास 'बर्फ' म्हटले आहे. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचे वजन एका घनमीटरला पन्नास ते शंभर किलोग्रॅम असते, दबलेल्या जुन्या हिमाचे दोनशे ते तीनशे, आणि निव्वळ बर्फाचे ९१७. ज्या पृष्ठाची घनता एकाच दिवसात दहापट बदलू शकते, त्या पृष्ठावर एकाच जोडीने चालावयाचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे सर्व-उताऱ्यांची स्की ही मूलतः एक तडजोड का असते ते कळते.

प्रथम स्कीचे अंगप्रत्यंग पाहू. स्की वरून पाहिली तर पुढे रुंद, मध्ये अरुंद आणि मागे पुन्हा रुंद अशी दिसते. मधल्या अरुंद भागास कंबर म्हणतात. ही कंबर एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात सोंद्रे नूरहाइम व त्याचे सहकारी यांनी प्रचारात आणली. पुढे १९२० नंतरच्या दशकात साल्झबुर्ग येथील रुडोल्फ लेटनर याने लाकडी स्कीच्या कडांना पोलादी पट्ट्या बसविल्या आणि बर्फासारख्या कठीण पृष्ठावर पकड मिळू लागली. १९५० च्या सुमारास अमेरिकेत हॉवर्ड हेड याने ॲल्युमिनियमचे थर चिकटवून धातूची स्की यशस्वी केली. खरी क्रांती मात्र १९९३ च्या आसपास झाली. स्लोव्हेनियातील एलान या कारखान्यात युरी फ्रँको आणि पावेल श्कोफिच यांनी कंबर धीटपणे बारीक केली, आणि तोवर वर्षानुवर्षांच्या सरावाने साधणारे वळण सामान्य स्कीपटूच्या आवाक्यात आले.

कंबरेचे महत्त्व असे. स्की कडेवर कलती केली की तिची कड हिमात रुतते आणि शरीराच्या भाराने ती धनुष्यासारखी वाकते. कडेची मूळची वक्र रेषा ज्या वर्तुळाचा तुकडा असते, त्या वर्तुळाच्या त्रिज्येस स्कीची त्रिज्या म्हणतात आणि ती स्कीवर मीटरमध्ये छापलेली असते. ती कशी काढतात हे उदाहरणाने पाहणे सोपे आहे. समजा, १६८ सेंटिमीटर लांबीच्या एका स्कीची रुंदी पुढे १२८, कंबरेत ९२ आणि मागे ११४ मिलिमीटर आहे. पुढच्या व मागच्या रुंदीची सरासरी १२१. तीतून ९२ वजा केले असता २९ उरतात, आणि एका कडेच्या वाट्यास त्याचे निम्मे, म्हणजे १४.५ मिलिमीटर खोली येते. सर्वांत रुंद अशा दोन ठिकाणांमधील अंतर १.४५ मीटर धरले, त्याचा वर्ग केला व त्यास खोलीच्या आठपटीने भागले, की सुमारे १८ मीटर त्रिज्या मिळते. शाळेतील भूमितीपलीकडे यात काही नाही.

आता या त्रिज्येतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सपाट जमिनीवर सायकल वळवताना जसे आत झुकावे लागते, तसेच स्कीवरही. वेग जितका जास्त तितके झुकणे जास्त. आणि स्की जितकी कलती तितके तिचे वळण घट्ट. या दोन गोष्टी एकत्र मांडून, आणि स्की जितकी कलते तितकेच शरीर झुकते असे धरून गणित केले, तर वरील स्कीवर ताशी ३० किलोमीटर वेगास सुमारे २३ अंश झुकाव लागतो व वळणाची त्रिज्या साडेसोळा मीटरांच्या आसपास येते. ताशी ४० किलोमीटर वेगास झुकाव ४४ अंशांपर्यंत जातो आणि वळण १३ मीटरांवर येते. ताशी ४८ किलोमीटरला मात्र हे समीकरण उत्तरच देईनासे होते. त्यापुढे कड स्वच्छ रेघ काढीत जात नाही. ती घसरते किंवा झटके देते. बारीक कंबरेच्या, १३ मीटर त्रिज्येच्या स्कीस हीच मर्यादा ताशी ४१ किलोमीटरच्या जवळ येते. प्रत्यक्ष उतार तिरपा असतो, आणि कुशल स्कीपटू गुडघा व कंबर मोडून स्कीचा कल शरीराच्या झुकण्याहून वेगळा ठेवते. म्हणून या आकड्यांना काटेकोर सीमा मानू नये. पण दिशा अचूक आहे.

या समीकरणात स्कीपटूचे वजन कोठेच येत नाही, हे लक्षणीय होय. ते दोन्ही बाजूंनी छेदले जाते. ज्या वेगाने पुरुष जातो त्याच वेगाने जाणाऱ्या स्त्रीला त्रिज्याही तीच लागते. दुकानात स्त्रियांसाठी म्हणून जी स्की पुढे केली जाते ती पुष्कळदा आखूड, मऊ आणि लहान त्रिज्येची असते. नवशिकीला ती सोयीची, परंतु वेगाने उतरणाऱ्या कुशल स्त्रीस ती अडवते. स्की पायाखाली थरथरते, पुढचे टोक फडफडते, आणि दोष आपल्या कौशल्यात आहे असे त्या बिचारीस वाटत राहते. पंधरा ते एकोणीस मीटर त्रिज्या ही कुशल स्त्रीच्या सर्व-उताऱ्यांच्या स्कीस साधारणतः योग्य म्हणता येईल.

वजनाचा संबंध येतो तो दोन ठिकाणी : स्कीच्या ताठरपणाशी आणि तिच्या तरंगण्याशी. ताठरपणाचेही दोन प्रकार. एक लांबीच्या दिशेने वाकण्यास होणारा विरोध, आणि दुसरा पिळास होणारा विरोध. ५८ किलोग्रॅमची स्त्री ८० किलोग्रॅमच्या पुरुषाची ताठ स्की पुरेशी वाकवू शकत नाही. तिचे वळण मग कागदावरील त्रिज्येपेक्षा मोठे पडते आणि मांड्या भरून येतात. म्हणून लांबीच्या दिशेने स्की तिच्या वजनाच्या मानाने थोडी नरम हवी, हे खरे. पण पिळाच्या बाबतीत नरमपणा कामाचा नाही. पिळाला नमणाऱ्या स्कीची टोके कठीण पृष्ठावर कड सोडून देतात. पातळ लाकडी गाभा, त्याभोवती काचतंतूंचे थर आणि वर धातूची एखादी पातळ किंवा अर्धवट पट्टी अशी रचना या दृष्टीने चांगली असते. दुकानात परीक्षा करण्याची साधी युक्ती आहे : स्कीचे शेपूट जमिनीवर टेकवून मध्यावर तळहाताने दाब द्यावा, मग पुढचे टोक दोन्ही हातांनी ओल्या कपड्यासारखे पिळून पाहावे. दोन-चार जोड्यांवर हा प्रयोग केला की हातालाच फरक कळू लागतो.

तरंगण्याचे गणित याहूनही सोपे आहे. कपडे, बूट, स्की मिळून त्या स्त्रीचा भार ६८ किलोग्रॅम धरू. नुसत्या बुटांचे तळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर. तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर ११३ ग्रॅम भार पडतो आणि पाय रुततो. वरील उदाहरणातील दोन स्कींचे क्षेत्रफळ सुमारे ३,४०० चौरस सेंटिमीटर. भार २० ग्रॅमवर उतरतो. आता १८० सेंटिमीटर लांबीच्या व १०८ मिलिमीटर कंबरेच्या स्कीवर उभा असलेला, साधनांसह ९२ किलोग्रॅम भाराचा पुरुष घ्या. त्याच्या जोडीचे क्षेत्रफळ सुमारे ४,२०० चौरस सेंटिमीटर. भार जवळजवळ २२ ग्रॅम येतो. म्हणजे ९२ मिलिमीटर कंबरेच्या स्कीवरील ती स्त्री १०८ मिलिमीटरवरील त्या पुरुषापेक्षा किंचित वरच तरंगते. 'खोल हिमासाठी शंभराच्या पुढची कंबर हवी' हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो पुरुषांच्या वजनावरून निघालेला आहे. स्त्रियांनी त्यातून दहा-पंधरा मिलिमीटर खुशाल वजा करावेत.

कारण रुंदी फुकट मिळत नाही. कठीण पृष्ठावर सारा भार आतल्या कडेवर येतो, आणि ती कड बुटाच्या मध्यरेषेपासून कंबरेच्या निम्म्या अंतरावर असते. ९२ च्या स्कीस हे अंतर ४६ मिलिमीटर, ११० च्या स्कीस ५५. तरफेचा दांडा जितका लांब, तितका घोट्यावर व गुडघ्यावर पिळाचा ताण अधिक.

गुडघ्याचा विषय येथे टाळता येत नाही. स्की करताना गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळते. त्यामागे सांध्याची ठेवण, स्नायूंचे बळ, संप्रेरके अशी अनेक कारणे सांगितली जातात, आणि शास्त्रज्ञांचे त्यांवर पूर्ण एकमत नाही. बूट आणि स्की यांना जोडणारे व धक्का बसताच सुटणारे जे बंधन असते, त्याने १९७० नंतरच्या काळात नडगीचे हाड मोडण्याचे प्रमाण पुष्कळ कमी केले. गुडघ्याच्या अस्थिबंधाचे रक्षण मात्र ते खात्रीने करीत नाही. व्हर्माँटमधील कार्ल एटलिंगर, रॉबर्ट जॉन्सन आणि जॅस्पर शीली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, पुष्कळशा दुखापती एकाच ठराविक स्थितीत होतात. स्कीपटू मागे कलंडते, नितंब गुडघ्यांच्या खाली जातात, सारा भार खालच्या स्कीच्या आतल्या कडेवर येतो, आणि स्कीचे शेपूट तरफेसारखे गुडघा पिरगाळते. अशा स्थितीत उठण्याची धडपड न करता हात पुढे घेऊन पडणे पत्करावे, हे शिकविल्यावर स्की-गस्तीवरील कर्मचाऱ्यांत गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या. स्कीच्या निवडीशी याचा संबंध असा की, लांब, ताठ आणि सपाट शेपटाची स्की मागे कलंडलेल्या स्कीपटूस क्षमा करीत नाही. शर्यतीचा वारसा असलेली अशी शेपटे सर्व-उताऱ्यांच्या वापरास लागतही नाहीत. शेवटची काही सेंटिमीटर किंचित वर उचललेले शेपूट पुरे.

हे उचलणे म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. जमिनीवर ठेवलेल्या जुन्या स्कीचा मध्य वर उचललेला आणि टोके टेकलेली असत. पुलाच्या कमानीसारखी ही कमान भाराखाली सपाट होऊन टोकांवर दाब देते आणि कड सर्वत्र चावते. २००२ मध्ये शेन मॅकॉन्की याच्या कल्पनेतून 'स्पॅट्युला' नावाची स्की निघाली. तिने सारे उलटे केले : मध्य टेकलेला आणि टोके होडीच्या तोंडासारखी वर उचललेली. खोल हिमात ती अप्रतिम चाले आणि बर्फावर जवळजवळ निरुपयोगी ठरे. आजच्या सर्व-उताऱ्यांच्या स्कीत दोहोंचा संयोग असतो : पुढचे टोक लांबपर्यंत उचललेले, पायाखाली कमान, आणि शेपूट थोडेसे उचललेले. पुढचे टोक फार उचललेले असेल तर कठीण पृष्ठावर स्कीची प्रत्यक्ष टेकलेली लांबी कमी होते, म्हणून अशी स्की नेहमीपेक्षा पाच सेंटिमीटर लांब घ्यावी. कुशल स्त्रीने लांबी ठरविताना नाकापासून डोक्याच्या माथ्यापर्यंतची उंची ही चौकट धरावी; खोल हिम व वेग यांची आवड असेल तर माथ्याकडे, झाडांमधून आखूड वळणांची आवड असेल तर नाकाकडे झुकावे.

स्त्रियांसाठी खास स्की असावी की नसावी, हा वाद जुना आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेत जीनी थोरेन यांनी असा आग्रह धरला की, स्त्रीच्या शरीराचा गुरुत्वमध्य वेगळा असल्याने बंधने पुढे सरकवावीत. काहींना त्याने लगेच लाभ झाला, काहींना मुळीच झाला नाही. बूट सैल असेल, किंवा पिंढरीचा स्नायू खालपर्यंत येत असल्यामुळे बुटाची उंच कड पायास पुढे ढकलत असेल, तर दोष बंधनांच्या जागेचा नसून बुटाचा असतो. बूट प्रथम, स्की मागाहून, हा क्रम कधीही उलटा करू नये. बंधने कारखान्याने आखलेल्या खुणेवर बसवून पाहावीत आणि मगच एक सेंटिमीटर पुढे घेण्याचा विचार करावा. दोन स्की अंगाने सारख्याच असतील आणि एक केवळ फुलाफुलांच्या रंगामुळे स्त्रियांची म्हणविली जात असेल, तर रंगाकडे पाहू नये. उलट, त्याच नावाच्या स्त्री-स्कीत गाभा खरोखरच हलका केलेला असेल आणि धातूची पट्टी तशीच राखलेली असेल, तर तीच हवी ती स्की होय.

बंधनाची सुटण्याची मर्यादा अंदाजाने ठरवावयाची नसते. आंतरराष्ट्रीय मानक ११०८८ प्रमाणे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीपटूचा प्रकार यांवरून तो आकडा काढतात. कुशल व वेगवान स्कीपटूस बंधन अधिक घट्ट मिळते. दहा वर्षांखालील मुलास व पन्नाशी ओलांडलेल्यास ते सैल करतात. येथे खोटा अभिमान घातक ठरतो. भाड्याच्या दुकानात आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिलेला असणे ही काही अशक्य गोष्ट नव्हे. तो दरवेळी स्वतः वाचून पाहावा.

उरला प्रश्न स्थळाचा. गुलमर्गचे कुरण २,६५० मीटरांवर आहे, आणि तेथील दोन टप्प्यांचा पाळणा-मार्ग अफरवतच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वरचे उतार न दाबलेले आणि हिमाने भरलेले असतात. तेथे ९५ ते १०२ मिलिमीटर कंबरेची स्की स्त्रीस उत्तम. उत्तराखंडातील औली येथे देवदार व ओकच्या रांगांमधील उतार बव्हंशी दाबलेले असतात. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धेतील स्कीच्या शर्यती तेथेच झाल्या होत्या. तेथे ८० ते ८८ पुरेत. दोन्हीकडे एकच जोडी न्यावयाची असेल तर नव्वदीच्या आसपास थांबावे. वसंतात सकाळी बर्फासारखे कठीण आणि दुपारी लापशीसारखे ओले पृष्ठ मिळते. त्या वेळी रुंदीपेक्षा कडांची धार आणि तळाला लावलेले मेण अधिक उपयोगी पडते. घर्षणाने हिमाचा अतिसूक्ष्म थर वितळतो व त्या पाण्यावर स्की घसरते. हवा जितकी उबदार तितके पाणी अधिक, आणि मग तेच पाणी तळास चिकटून ओढ निर्माण करते. म्हणून मेण तापमानाप्रमाणे निवडतात.

अफरवतच्या न दाबलेल्या उतारांविषयी एक गोष्ट स्कीच्या मापांत बसत नाही, तरी ती सांगितली पाहिजे. २०२३ च्या फेब्रुवारीत तेथे हिमलोट कोसळून दोन पोलिश स्कीपटू मृत्यू पावले. रुंद स्की माणसाला हिमावर तरंगत ठेवते. खालचा थर सुटला तर ती त्याच्याबरोबरच जाते. त्या उतारांवर जाणारीने संदेश-यंत्र, शोधकाठी व फावडे ही तिन्ही जवळ ठेवावीत, ती वापरण्याचा सराव असलेला सोबती घ्यावा, आणि त्या दिवशीची हिमलोटाची सूचना वाचल्यावाचून पाळण्यात बसू नये.

खरेदीपूर्वी निदान दोन जोड्या भाड्याने घेऊन एकाच दिवशी, एकाच उतारावर, एकच बूट घालून चालवाव्यात. पहिली घसरण सावकाश, दुसरी आपल्या नेहमीच्या वेगाने, तिसरी त्याहून थोड्या अधिक वेगाने. आणि प्रत्येक वेळी खाली पोहोचल्यावर मांड्या, पोटऱ्या व गुडघे यांपैकी काय दुखले ते वहीत टिपावे. मांडीचा पुढचा भाग जळत असेल तर स्की फार ताठ आहे किंवा बंधने फार मागे आहेत. गुडघ्याच्या आतल्या बाजूस ओढ लागत असेल तर कंबर फार रुंद आहे. काहीच दुखले नाही आणि तिसऱ्या घसरणीतही पुढचे टोक शांत राहिले, तर त्या जोडीची लांबी, कंबर व त्रिज्या ही तीन मापे टिपून घ्यावीत. पुढच्या वर्षी कारखाना नाव व रंग बदलतो, पण याच मापांची स्की दुसऱ्या नावाखाली बहुधा मिळते.